एक मशीन, अनेक कर्णे

देवळाच्या जीर्णोद्धारात कोणी पायरी देतो, कोणी फरशी देतो, कोणी घंटा देतो आणि कोणीतरी कर्णा देतोच. गावोगावच्या देवळांवर करड्या रंगाचे कर्णे बांधलेले दिसतात आणि त्यांच्या कडेवर तांबड्या रंगात ‘अमक्यांचे स्मरणार्थ’ अशी अक्षरे असतात. एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दोन, असे करता करता चाराचे आठ होतात. देणाऱ्याची श्रद्धा खरी असते, घेणाऱ्यालाही नाही म्हणवत नाही. मशीन मात्र तेच राहते. मग ऐन सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, मशीनमधून जळका वास येतो आणि सर्व मंडळी वायरमनला बोल लावतात. हा बोल कितपत योग्य आहे हे कळण्यासाठी कर्ण्याची मूळ हकीकत पाहिली पाहिजे. ती शंभर वर्षांहून थोडी अधिक जुनी आहे.

कर्णा हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे. शिंग, तुतारी यांच्या जोडीला फुंकून वाजविण्याचे लांब सरळ धातूचे वाद्य ते कर्णा. देवळात व पालखीपुढे ते वाजत असे. पुढे विजेचे भोंगे आले तेव्हा लोकांनी आकार पाहून तेच नाव त्यांना दिले. कर्णे येण्यापूर्वी कीर्तनकाराचा गळा हीच काय ती ध्वनिव्यवस्था होती. मागे उभे असलेले टाळकरी चरण उचलून धरीत, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत अभंग पोचे. निरूपणाचे तसे नव्हते. ज्याच्या छातीत दम असेल त्याचेच निरूपण मागे ऐकू जाई. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १७३९ साली व्हाइटफील्ड नावाच्या धर्मोपदेशकाचे प्रवचन उघड्यावर चालले असता बेंजामिन फ्रँकलिन या चौकस गृहस्थाने मागे मागे चालत जाऊन आवाज कोठवर पोचतो ते पाहिले आणि हिशेब केला की तीस हजार माणसांना तो ऐकू जावा. हा आकडा असामान्य गळ्याचा व शांत रस्त्याचा होय. सामान्य माणसाचे बोलणे पाच-सातशेच्या जमावातही मागे नीट कळत नाही.

आजच्या धर्तीचा विजेवर बोलणारा कर्णा कॅलिफोर्नियात झाला. पीटर जेन्सन हा १८८६ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेला कारागीर अमेरिकेत गेला होता. एडविन प्रिडहॅम या इंजिनिअर सोबत्यासह तो नापा या लहान गावी टेलिफोनचा चांगला ऐकण्याचा भाग करण्याच्या खटपटीत होता. लोहचुंबकाच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे टांगायचे, त्यात आवाजाची वीज सोडायची, म्हणजे वेटोळे थरथरते व पडदा हलतो, अशी ही रचना. तिला त्यांनी ग्रामोफोनचा भोंगा जोडून पाहिला. माईक आणि भोंगा जवळ येताच मोठी शीळ उठली. कीर्तनात माईक कर्ण्यासमोर आला की जी शीळ वाजते, तीच ही. भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा भोंग्यातून बाहेर पडतो व असा फिरत राहून वाढत जातो. या शिळेवरूनच त्या दोघांना आपल्या हाती काय आले आहे ते उमगले. २४ डिसेंबर १९१५ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड समुदायाला त्यांनी या यंत्रावरून भाषण व गाणी ऐकविली. यंत्राला त्यांनी मॅग्नाव्हॉक्स असे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ मोठा आवाज. आज कर्ण्याच्या मागे जे गोल युनिट फिरवून बसवितात, त्यात तेच वेटोळे व तेच लोहचुंबक आहे. जास्त वीज गेल्यावर जळते ते हेच केसासारख्या तारेचे वेटोळे.

पुढे १९ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन दिएगो येथील मैदानात बोलले. काचेच्या खोलीत उभे राहून त्यांनी भाषण केले आणि वर टांगलेल्या कर्ण्यांतून ते सुमारे पन्नास हजार लोकांनी ऐकले. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी आर्लिंग्टन येथे अज्ञात सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळी अध्यक्ष हार्डिंग यांचे भाषण तेथील समुदायाबरोबरच टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या लोकांनाही कर्ण्यांवर ऐकू आले. म्हणजे अवघ्या सहा वर्षांत एका माणसाचा आवाज देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

आपल्या देशात हे काम ज्यांनी केले ते सिंधी गृहस्थ होते. ज्ञानचंद मोटवानी यांनी १९०९ साली सक्कर येथे विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला. पुढे शिकागो टेलिफोन सप्लाय या अमेरिकन कंपनीची एजन्सी घेतल्यामुळे त्यांच्या पेढीला शिकागो हे नाव चिकटले. जुन्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या तोंडापुढील माईकवर शिकागो अशी अक्षरे पाहून पुष्कळांना तो माल परदेशी वाटे, परंतु पेढी आपल्याच देशातली. ज्ञानचंदांचे चिरंजीव नानिक यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, महात्माजींचा आवाज मोठ्या सभेत पोचत नाही व त्यांना एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर जाऊन तेच बोलावे लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरविण्याचे मनावर घेतले. मार्च १९३१ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराचीचे अधिवेशन भरले, त्याला त्यांचीच यंत्रणा होती. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्या खटल्यात नानिक मोटवानी हेही एक आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. कर्णेवाल्याला तुरुंगाची हवा खावी लागल्याचे उदाहरण विरळाच.

खेड्यात कर्णा आला तो पुष्कळ ठिकाणी विजेच्या आधी आला. मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे मशीन, एक माईक आणि एक-दोन कर्णे एवढ्यावर निवडणुकीची सभा, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात आणि लग्नाचा मांडव भागे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढील दोन-अडीच दशकांत गावोगाव खांब पोचले. त्यानंतर देवळांनी स्वतःची मशीने घेतली. पहिली मशीने व्हॉल्व्हची होती. बटण दाबल्यावर काचेचे दिवे तापेपर्यंत थांबावे लागे. नंतर ट्रान्झिस्टरची आली, ती लगेच बोलू लागली व वजनाला हलकी झाली. या बदलाबरोबर एक गोष्ट उलटली आणि ती कोणी कोणाला नीट सांगितली नाही. व्हॉल्व्हचे मशीन कर्णा न जोडता मोठ्या आवाजात चालविले तर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. ट्रान्झिस्टरच्या मशीनला कर्णा नसला तरी सहसा धोका नसतो, पण कर्ण्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ते क्षणात खलास होते. व्हॉल्व्हवर हात बसलेल्या जुन्या माणसांनी ट्रान्झिस्टरची मशीने जाळली ती याच कारणाने.

आता आठ कर्ण्यांच्या हिशेबाकडे वळू. युनिटवर १६ ओहम असे लिहिलेले असते. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतील अडवणूक. मशीनच्या मागे ४, ८, १६ अशा खुणांचे स्क्रू असतात आणि त्यांच्या शेजारीच ७० व १०० व्होल्ट अशाही खुणा असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाटाला दारे असतात तसे हे समजावे. एक दार उघडले तर ठरावीक पाणी जाते, दुसरे उघडले तर दुप्पट. दारे वाढतात तशी पाण्याची अडवणूक कमी होते. त्याचप्रमाणे १६ ओहमचे दोन कर्णे शेजारी शेजारी, म्हणजे तांबडी तार तांबडीला व काळी काळीला, जोडले तर अडवणूक ८ ओहम होते. चार जोडले तर ४ ओहम. १०० वॅटचे मशीन असेल तर ४ ओहमच्या स्क्रूवर हे चार कर्णे बरोबर बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २५ वॅट येतात. युनिट २५ वॅटला सोसणारे असले म्हणजे झाले. येथपर्यंत सर्व ठीक. पाचवा कर्णा लागला की अडवणूक ३.२ ओहमवर येते. आठ झाले की २ ओहम. मशीन ४ ओहमसाठी बांधलेले, त्याच्याकडून दुप्पट विजेची मागणी होते. आधी फ्यूज जातो. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी हुशार माणूस त्या जागी जाड तार गुंडाळतो. मग फ्यूजऐवजी मशीन जाते. वायरमनवर येणारा बोल खरे तर या जाड तारेवर यायला हवा.

काही ठिकाणी कर्णे माळेत जोडतात, म्हणजे एकाची तार दुसऱ्यात व दुसऱ्याची तिसऱ्यात. अशाने अडवणूक वाढते, मशीन सुरक्षित राहते, पण आवाज पडतो. शिवाय एक युनिट तुटले की दिवाळीच्या दिव्यांच्या जुन्या माळेसारखी सगळी ओळ मुकी होते व बंद पडलेला कर्णा शोधण्यासाठी प्रत्येक शिडीवर चढावे लागते.

तारेचा हिशेब याहून वाईट आहे, कारण तो दिसत नाही. देवळापासून वेशीपर्यंत १०० मीटर अंतर धरले आणि १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची जोडतार ओढली, तर जाऊन-येऊन २०० मीटर तांबे झाले. त्याची अडवणूक सुमारे साडेतीन ओहम भरते. पलीकडे ४ ओहमचे कर्णे असतील तर जवळजवळ निम्मी ताकद तारेतच जिरते. देणगीदाराने कर्ण्यासाठी दिलेल्या पैशांतून तार कोमट झाली, एवढेच फलित. आवाज कमी आला म्हणून मशीनचे बटण आणखी फिरवितात आणि जवळचे कर्णे किंचाळू लागतात.

या दोन्ही अडचणी पाश्चात्त्य देशांत कारखान्यांमुळे पुढे आल्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बीबीसीने जून १९४० पासून कामगारांसाठी संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला आणि कारखान्यांच्या मोठमोठ्या शेडमधून पुष्कळ कर्णे एकाच यंत्रणेवर चालवावे लागले. अशा कामांसाठी जी पद्धत रुळली ती आपल्या गावाबाहेरच्या डीपीसारखीच आहे. वीज ११,००० व्होल्टने लांबून येते, कारण व्होल्ट जास्त असले की प्रवाह कमी लागतो व तारेत कमी जिरते. डीपीवर ती उतरवून घराघरांत देतात. ध्वनिव्यवस्थेत मशीन १०० व्होल्टच्या स्क्रूवरून आवाज सोडते आणि प्रत्येक कर्ण्याजवळ एक लहान ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. अमेरिकेत यासाठी ७० व्होल्टचा रिवाज पडला, इंग्लंडात व आपल्याकडे १०० चा. बाजारात याला लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

या पद्धतीत ओहमचे गणित कारकुनी बेरजेवर येते. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर ५, १०, २० वॅट अशा खुणा असतात. ज्या कर्ण्याला जेवढे द्यायचे त्या खुणेला त्याची तार जोडायची, सर्वांची बेरीज करायची आणि ती मशीनच्या वॅटपेक्षा कमी ठेवायची. १०० वॅटच्या मशीनवर प्रत्येकी १० वॅटचे आठ कर्णे म्हणजे ८० वॅट. वीस शिल्लक राहतात, ते राहू द्यावेत. शिल्लक दिसली की ती खर्ची घालण्याची सवय येथे उपयोगी नाही. आणि वेशीपर्यंतच्या त्याच तारेत, जेथे निम्मी ताकद जात होती, तेथे आता शंभरातील दोन-तीन वॅटच जातात. सभामंडपात १० वॅटऐवजी ५ वॅट पुरत असतील तर तेथील खूण बदलायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही. एक नियम मात्र कडक आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेला उघडा कर्णा या १०० व्होल्टच्या तारेला कधीही जोडू नये. जोडल्यास त्याचे युनिट तर जाईलच, मशीनही सोबत जाईल. एकच मशीन एकाच वेळी ४ ओहमच्या स्क्रूवर व १०० व्होल्टच्या स्क्रूवर चालवू नये. जोडणी करताना मशीन बंद असावे. तांबडी-काळी सर्वत्र सारखी असावी, नाहीतर शेजारचे दोन कर्णे एकमेकांचा आवाज खातात व मध्ये बसलेल्याला पोकळ ऐकू येते.

१०० व्होल्टची तार अंगाला झटका देऊ शकते, म्हणून ती घंटीच्या तारेसारखी खिळ्यांवरून ओढून चालत नाही. जोड उघडे नसावेत आणि विजेच्या खांबाचा आधार घेऊ नये. वाऱ्या-पावसात वरची तार तुटून कर्ण्याच्या तारेवर पडली तर मशीनपाशी बसलेल्या माणसापर्यंत व हातात माईक धरलेल्या बुवांपर्यंत वीज येते. माईकच्या धातूला हात लावताच मुंग्या येतात, अशी तक्रार पुष्कळ गायक करतात. बुवा ओल्या पायांनी उभे असल्यामुळे असे होते, असे सांगून ती सोडून देतात. वस्तुतः मशीनला अर्थिंग नसल्याची ती खूण आहे. तीन पायांच्या प्लगचा मोठा पाय मोडून दोन पायांवर मशीन चालविणे हा सर्वांत घातक प्रकार होय. त्या मोठ्या पायाची तार जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला नीट पोचते की नाही हे जाणत्या वायरमनकडून दर पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्यावर देणगीदाराचे नाव लिहिण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.

कर्णे लांब लांब पसरले की आणखी एक गोष्ट होते. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. देवळावरच्या कर्ण्यापासून १७० मीटरवर दुसरा कर्णा असेल, तर त्याच्याजवळ बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, दुसऱ्यांदा अर्ध्या सेकंदाने. भजनात ताल चुकल्यासारखे वाटते, निरूपण तर कळतच नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये हीच अडचण फार मोठी होती. घुमटाखाली आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पार्किन व टेलर यांनी तेथे मोठ्या भोंग्यांऐवजी उभ्या पेटीतले कॉलम स्पीकर श्रोत्यांजवळ लावले आणि मागच्या पेट्यांना आवाज थोडा उशिरा पोचेल अशी चुंबकीय तबकडीवर योजना केली. मूळ आवाज व पेटीतला आवाज कानाशी एकदमच येऊ लागले. अशी तबकडी गावात नको आहे. पण तेथील पहिली गोष्ट येथेही लागू पडते. सभामंडपातल्या श्रोत्याला शिखरावरचा ४० वॅटचा कर्णा ऐकविण्यापेक्षा त्याच्या खांबावर ५ वॅटचा कॉलम बरा. बुवा कुजबुजले तरी ऐकू येते.

कायद्याचा भागही याच हिशेबात धरावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम १४ फेब्रुवारी २००० पासून लागू झाले. त्यांनुसार कर्णा लावण्यास लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी आणखी पक्की केली. उत्सवासाठी राज्य शासन रात्री १० ते १२ एवढी सवलत देऊ शकते, तीही सबंध वर्षात पंधरा दिवसांपुरतीच. परवानगीचे अर्ज पुष्कळदा सप्ताहाच्या आदल्या दिवशी येतात आणि त्यात कर्ण्यांची संख्या लिहिलेली नसते. काकडा पहाटे ५ वाजता होतो, म्हणजे तो या बंदीच्या वेळेत येतो. बंद सभागृहात आतल्या आत आवाज पोचविण्यास नियमांत जागा आहे, उघड्यावर नाही.

यासाठी जोडणी करतानाच सभामंडपातील कॉलमांची एक ओळ व बाहेरच्या कर्ण्यांची दुसरी ओळ अशा दोन वेगळ्या तारा मशीनपासून काढतात आणि बाहेरच्या ओळीला स्वतंत्र बटण ठेवतात. पहाटे दारे लावून, बाहेरचे बटण बंद ठेवून काकडा करता येतो. सकाळी ६ नंतर हरिपाठ किंवा सूचना द्यायची असेल तर ते चालू करता येते. दोन्ही ओळींची वॅटची बेरीज मशीनशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी नवा कर्णा घेऊन कोणी आला तर भिंतीवरचा आकडा दाखविता येतो.